खोटं आहे हे कळतं, तरी ते सांगाडे डोळ्यांसमोरून का हलत नाहीत?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. तुम्ही अकरा वर्षांच्या मुलाला १९६३ चा ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ दाखवलात. तो हसेल, अशी तुमच्या मनाची तयारी होती. शेवटी जमिनीतून सांगाडे उगवले, तेव्हा तो गप्प झाला आणि लढाई संपल्यावर म्हणाला, “परत लावा.” गेल्याच महिन्यात थिएटरात पाहिलेल्या महागड्या सिनेमातला राक्षस मात्र त्याला आठवतसुद्धा नाही. म्हणून तुम्ही विचारताय की, ही आपली जुन्याबद्दलची माया आहे का, की त्या तंत्रातच काहीतरी आहे? आणि जाता जाता, असलं काही घरी करून बघता येईल का?

मी जवळपास वीस वर्षं मुंबईत क्ले ॲनिमेशन केलं. बहुतेक जाहिराती, शिवाय चॅनेलवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये दाखवतात त्या दहा-दहा सेकंदांच्या गमती. आता शिकवते. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं नाही, टेबलापाशी उभं राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांच्यातल्या एकीचं आहे.

मायेचं आधी निकालात काढू. तुमच्या मुलाला १९६३ ची कसली माया? त्याने कॅसेट भाड्याने आणलेली नाही की रविवारी सकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही पाहिलेला नाही. तरी तो गप्प झाला. म्हणजे आपल्या पिढीपुरता हळवेपणाचा वाटा असेलही, पण त्याने सगळं उत्तर मिळत नाही. मात्र एक कबूल करायला हवं. तुम्ही शेजारी बसून “आता बघ हं” म्हणाला असणार, त्याचाही परिणाम असतोच. शिवाय जुनं सगळंच स्टॉप-मोशन (बाहुली, म्हणजे पपेट, किंचित हलवायची, एक फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, हे तंत्र) असं पकडून ठेवत नाही. त्याच काळात ढीगभर टुकार कामही झालं, ते कोणी पुन्हा लावत नाही. खुद्द या सिनेमांतही दोन राक्षसांच्या मधली माणसं बरीच लाकडी आहेत. तुम्हीही तिथे चहा ठेवायला उठला असाल.

आता मुद्द्याचं. आपण बहुतेक वेळा “खरं वाटतं का?” असं विचारतो आणि तिथेच फसतो. स्टॉप-मोशन बघताना डोळ्याला एकाच वेळी दोन निरोप येतात. पहिला, ही वस्तू खरी आहे. दुसरा, ही वस्तू अशी हलू शकत नाही. दोन्ही निरोप तितकेच पक्के असतात आणि मेंदूला त्यांतला एकही खोडता येत नाही. सांगाड्यांची सगळी जादू या न सुटणाऱ्या भांडणात आहे, असं माझं मत आहे. बाकीचे मुद्दे त्याच्या अवतीभोवतीचे.

पहिला निरोप कुठून येतो ते बघा. या सिनेमातले सांगाडे आणि राक्षस हलवले ते रे हॅरीहाउझनने. त्याचा सांगाडा म्हणजे जेमतेम वीतभर उंचीची वस्तू. आत धातूचे सांधे आणि त्यावर चढवलेली हाडं. पण ती होती. तिच्यावर खऱ्या दिव्याचा उजेड पडला होता, बरगड्यांच्या खाचांत खरा अंधार साचला होता आणि काचेच्या भिंगाने तो टिपला होता. आपल्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण उजेड ओळखण्यात आपण जन्मापासून तरबेज असतो. लहान मूल तर जास्तच, कारण ते अजून वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून बघत असतं. पडद्यावरची ती चीज ‘हातात घेता येईल अशी’ आहे, हे त्याला क्षणात कळतं.

दुसरा निरोप जरा तांत्रिक आहे. साध्या कॅमेऱ्याने चालत्या माणसाचं शूटिंग करा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, आणि प्रत्येक फ्रेमसाठी शटर साधारण १/४८ सेकंद उघडं. तेवढ्या वेळात हात थोडा पुढे सरकतो, म्हणून फ्रेममध्ये तो किंचित फासल्यासारखा येतो. ते फासलेपण आपल्याला दिसत नाही, पण त्यामुळेच हालचाल सलग वाटते. पपेटचं तसं नाही. ते फोटो काढताना ठार स्तब्ध असतं. मग हात दोन मिलिमीटर सरकवायचा, बाजूला व्हायचं, पुढचा फोटो. त्यामुळे धावत्या सांगाड्याची प्रत्येक फ्रेम लखलखीत स्पष्ट असते. पडद्यावर ती हालचाल कापत कापत, किंचित ठेचकाळत येते, आणि जगातली कुठलीच जिवंत गोष्ट तशी हलत नाही.

मग हा दोष की गुण? इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणावं लागतं, आणि ते टाळण्यासाठी म्हणत नाही. हलणारी गोष्ट काय आहे, यावर सगळं ठरतं. सांगाडा मुळातच हलायला नको. पुतळाही नको. त्याच सिनेमातला टॅलोस आठवा. गुडघ्यावर बसलेला कांस्याचा प्रचंड पुतळा. दोन माणसं त्याच्याखालच्या खजिन्यातून चोरी करून बाहेर येतात आणि करकरत त्याची मान वळते. हॅरीहाउझनने आयुष्यभर हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून जिवाचं रान केलं, पण टॅलोसला त्याने मुद्दाम अवघडलेलं, गंजक्या बिजागरीसारखं चालवलं. तंत्राची खोड आणि पात्राचा स्वभाव तिथे एकच झाले. टाचेचं झाकण उघडून त्याच्या अंगातला द्रव वाहून जातो, तेव्हा तो गळ्याशी हात नेतो. एका कांस्याच्या ठोकळ्याला गुदमरताना बघून आपल्याला वाईट वाटतं, हे मला आजही पटत नाही. पण वाटतं.

उलट, जे प्राणी आपण रोज बघतो तिथे हेच तंत्र उघडं पडतं. घोडा कसा धावतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे पपेट-घोडा दोन पावलांत पकडला जातो. डायनासोर कोणी पाहिलाय?

याचा एक गमतीदार पुरावा १९६६ च्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’मध्ये आहे. त्यात हॅरीहाउझनने सुरुवातीला एक खराखुरा इग्वाना मोठा करून दाखवला. उद्देश असा की, पहिला प्राणी अस्सल दिसला तर प्रेक्षक पुढच्यांवरही विश्वास ठेवतील. झालं भलतंच. तो इग्वाना शंभर टक्के जिवंत, उजेड खरा, हालचाल खरी, आणि तरी तो दिसतो सरड्यासारखाच. लोकांच्या लक्षात राहिले ते नंतरचे रबरी डायनासोर. सगळं खरं असूनही सरडा हरला, म्हणून ‘खरेपणा’ हे माप इथे लागू पडत नाही असं मी म्हणते.

आपल्याकडे हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. लहानपणी गणपतीच्या कारखान्यात आपण ओल्या शाडूची, बिनरंगाची मूर्ती पाहिलेली असते. डोळ्यांची आखणी व्हायच्या आधीची ती रिकामी नजरही पाहिलेली असते. चतुर्थीला तीच मूर्ती घरी येते आणि आपण हात जोडतो. माती आहे हे कोणी विसरत नाही आणि हात जोडण्यात कोणाला विसंगतीही वाटत नाही. सांगाडे बघताना तुमचा मुलगा काहीसं तसंच करत होता. ‘हे बनवलेलं आहे’ आणि ‘हे माझ्याकडे बघतंय’, दोन्ही एकदम.

आता दुसरी गोष्ट, जी धंद्याबाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. ही प्रकरणं तंत्राइतकीच अभिनयावर उभी आहेत. ‘किंग काँग’ १९३३ चा. विलिस ओब्रायनने काँग हलवला, मार्सेल डेल्गाडोने त्याची मॉडेल्स बनवली, मुख्य मॉडेल दीड फुटाचं. काँग त्या मोठ्या डायनासोरचा जबडा फाडून त्याला मारतो. लढाई संपली. दुसरा कोणी असता तर तिथे कट केला असता. पण काँग खाली वाकतो आणि मेलेल्या प्राण्याचा जबडा बोटाने उघडझाप करून बघतो. खरंच मेला ना? एखादं पोर मोडलेलं खेळणं जसं चाचपतं तसं. त्या चार सेकंदांत तो माकड उरत नाही, त्याला डोकं आहे हे आपल्याला कळतं. ओब्रायन तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेला होता, आणि काँग ज्या पद्धतीने अंग टाकतो, बगल देतो, त्यात ते दिसतं. तेराव्या वर्षी हा सिनेमा पाहून हॅरीहाउझन बिघडला तो कायमचा. पुढे त्याने अभिनयाचे वर्गही केले, कारण पपेटकडून करून घ्यायचं तर आधी स्वतःला करता यायला हवं.

सांगाड्यांकडे पुन्हा वळा. ते उगवल्या उगवल्या धावून येत नाहीत. वर येतात, उभे राहतात, थांबतात. ढाल-तलवार सावरून एकेक पाऊल टाकत पुढे सरकतात. मग एकदम किंचाळून धाव. तुमचा मुलगा गप्प झाला तो धावताना नव्हे, त्या थांबण्यापाशी, अशी मी पैज लावते. पाठीमागे बर्नार्ड हरमनचं संगीत आहे, त्याचं श्रेय मोठं आहेच. पण थांबायचं ठरवलं ते टेबलावरच्या माणसाने.

हे मला एकदा फार महागात शिकायला मिळालं. एका जाहिरातीत मातीचे आजोबा खुर्चीतून उठून दार उघडायला जातात, एवढंच होतं. मी तीन दिवस खपून उठणं इतकं सफाईदार केलं की स्वतःवरच खूश. आमच्या दिग्दर्शकाने बघितलं आणि म्हणाले, “बाई, आजोबा चालले. पण त्यांना घंटा कुठे ऐकू आली?” मी पुन्हा केलं. घंटा वाजते, आजोबा बारा फ्रेम काहीच करत नाहीत, मग एकदा डोळे मिचकावतात, मग मान वळते. अर्धा सेकंद नुसतं बसणं. पण त्या अर्ध्या सेकंदानंतर स्टुडिओतल्या चहावाल्या पोरानेही विचारलं, “कोण आलंय दारात?”

तिसरी गोष्ट हाताची. सांगाड्यांच्या त्या लढाईत सात सांगाडे आणि तीन माणसं आहेत. सात सांगाडे, प्रत्येकाचे दोन हात, दोन पाय, एक डोकं. प्रत्येक फ्रेमला निदान पस्तीस ठिकाणी हात लावायचा, आणि ते आधीच चित्रित झालेल्या नटांच्या तलवारींशी जुळवायचं. दिवसाला सरासरी तेरा फ्रेम होत. म्हणजे पडद्यावर अर्धा सेकंद आणि वर चिमूटभर. त्या एका दृश्याला साडेचार महिने लागले, आणि टेबलापाशी माणूस एकच. तेव्हा मागची फ्रेम दाखवणारा मॉनिटर नव्हता. टोकदार सुई असलेलं एक माप पपेटच्या नाकाशी टेकवून ठेवायचं, पपेट हलवायचं, किती सरकलं ते सुईवरून बघायचं, माप काढायचं, फोटो. कुठला हात वर चालला होता आणि कुठला खाली, हे सगळं डोक्यात. मध्येच कोणी हाक मारली तर संपलं. आम्हाला निदान स्क्रीन होती, तरी आमच्या गाळ्यावर शूट चालू असताना दाराला बाहेरून कडी असायची.

काँगच्या अंगावर सशाची लोकर होती. प्रत्येक फ्रेमला ओब्रायनची बोटं तिला लागत, म्हणून पडद्यावर काँगचे केस सतत सळसळतात. वारा नसताना. आम्ही शिकताना याला दोष म्हणायचो. पण बघणाऱ्याला वाटतं, काँग पिसाळलाय, केस ताठ झालेत. माझ्या मते, बघणाऱ्याचं बरोबर आहे.

यावरून आमचा एक पराभव सांगते. २००० नंतरच्या दशकात एका ग्राहकाने आमची तयार जाहिरात पाहून सांगितलं, “फार छान, फक्त जरा स्मूद करा.” आम्ही संगणकावर मधल्या फ्रेम तयार करून घातल्या, हालचाल फासून घेतली, मातीवरचे बोटांचे ठसे पुसले. निकाल अगदी गुळगुळीत. आणि कोणाचंही लक्ष जाईना. ग्राहकाचंही नाही. त्यानेच दोन दिवसांनी विचारलं की हे संगणकावरच करायचं होतं तर एवढे दिवस कशाला लावले? पैसे मिळाले, पण ती जाहिरात मी कामाच्या नमुन्यांत कधी ठेवली नाही.

चौथं कारण मला वर्गात सांगायला सर्वांत आवडतं, कारण ते नाइलाजातून आलंय. हॅरीहाउझनच्या पद्धतीला निर्माता चार्ल्स श्नीरने ‘डायनामेशन’ असं भारदस्त नाव दिलं, १९५८ च्या ‘सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’च्या वेळी. करायचं काय, तर आधी खऱ्या जागी नट हवेत तलवारी फिरवतात, ते शूट करायचं. ती फिल्म स्टुडिओत एका पडद्यावर मागून पाडायची, एकेक फ्रेम थांबवून. पडद्यापुढे टेबल, टेबलावर पपेट, पपेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये काच. चित्रातली जमीन आणि टेबलाची कड जिथे जुळते, त्या रेषेच्या खालचा भाग काचेवर काळ्या रंगाने झाकायचा आणि पपेट हलवत हलवत फ्रेम घ्यायच्या. सगळं झालं की कॅमेऱ्यातली फिल्म मागे गुंडाळायची, आता काचेवर उलटं झाकण, वर काळं आणि खाली मोकळं, आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा छाप घ्यायची. या वेळी पुढची जमीन उमटते. पपेट मागच्या आणि पुढच्या चित्राच्या मधोमध, भाकरीत ठेचा दाबावा तसं. चूक झाली तर दोन्ही छापा गेल्या.

आता यात कॅमेरा हलवणार कसा? जवळपास नाहीच. त्यामुळे प्रत्येक राक्षस डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतो, समोर, नाटकाच्या रंगमंचावर दिसावा तसा. कोण कुठे उभा आहे, कोणाची तलवार कोणावर चाललीय, एका नजरेत कळतं. आजच्या महागड्या दृश्यांत कॅमेरा राक्षसाच्या काखेतून शिरून मानेवरून बाहेर पडतो, दर सेकंदाला कट, अंधार, पाऊस. राक्षसाचा पूर्ण आकार आपण मनात साठवायच्या आत तो गेलेला असतो. मग तुमच्या मुलाला तो आठवणार कुठून? तो त्याने धड पाहिलेलाच नाही. याची किंमतही होती, ती लपवत नाही. पडद्यावर पाडलेलं चित्र पुन्हा चित्रित केल्याने दाणेदार आणि फिकं होतं, त्यामुळे राक्षस यायच्या आधीच रंग बदलतो आणि सराईत प्रेक्षकाला कळतं की ‘आता येणार.’ मला स्वतःला तो रंगबदल आवडतो. पडदा वर जातानाची खुडबुड ऐकू यावी तसा.

नाइलाजाची दुसरी गंमत म्हणजे १९५५ च्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’मधला सॅन फ्रान्सिस्कोवर चालून येणारा अक्राळविक्राळ ऑक्टोपस. त्याला सहाच भुजा आहेत. बजेट कमी, आणि दोन भुजा कमी म्हणजे दर फ्रेमला दोनदा कमी हात लावायचा. उरलेल्या पाण्याखाली आहेत असं समजा. मुलांना हे सांगितलं की ती सिनेमा थांबवून भुजा मोजतात.

एका जागी मात्र आपल्यासारख्या प्रेक्षकाला ठेच लागते. १९७३ च्या ‘गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत होऊन नाचते आणि सहा तलवारींनी लढते. भोवती तिची पूजा करणारे हिरव्या अंगाचे बेटवासी. तो सगळा मसाला बघताना कपाळावर आठी येते, यायलाच हवी. पण आठी असूनही मी ते दृश्य विद्यार्थ्यांना दाखवते. सहा हात एका कमरेतून, एका श्वासातून हलल्यासारखे वाटतात, कुठलाही हात वाऱ्यावर सुटलेला नाही. दगडाची मूर्ती आहे म्हणून ठेचकाळणं पुन्हा पात्राच्या स्वभावात जमा. शेवटी उंचावरून ढकलल्यावर ती प्राण्यासारखी मरत नाही, मूर्तीसारखी फुटते.

संगणकाला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही, हे स्पष्ट करते. ‘ज्युरासिक पार्क’च्या वेळी फिल टिपेट हा स्टॉप-मोशनवाला त्याच्या टोळीसह स्टॉप-मोशनच्याच सुधारित पद्धतीने डायनासोर करणार होता. ते फासलेपण पपेटमध्ये आणायला त्याने आणि सहकाऱ्यांनी फोटो निघतानाच मोटरने पपेट किंचित हलवायची युक्ती १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये वापरलेली होती. मग संगणकावरची चाचणी आली आणि त्याला वाटलं, आपण संपलो. पण संगणकवाल्यांना प्राण्याचं वजन, चाल, थबकणं कळत नव्हतं. म्हणून डायनासोरच्या घडणीचे धातूचे छोटे सांगाडे बनवले, सांध्यांना मापक लावले, आणि टिपेटच्या लोकांनी ते हाताने, फ्रेम-फ्रेम करून हलवले. ती माहिती संगणकात गेली. १९९३ चा तो सिनेमा तुमच्या मुलाला दाखवून बघा. त्यातले डायनासोर आठवणीत राहतात, कारण त्यांच्यातल्या काहींच्या मागे टेबलापाशी उभं राहणारी तीच माणसं होती. शिवाय कॅमेराही पुष्कळदा थांबून बघतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं एकत्र करून सांगायचं तर: वस्तू खरी आणि हालचाल अशक्य, म्हणून डोळा अडकतो. पात्रच निर्जीव असेल तर ती अशक्यता शोभते. एकाच माणसाने केलं असल्याने त्यात अभिनय सलग राहतो. आणि कॅमेरा हलत नसल्याने आपण ते पूर्ण पाहतो. चारही एकत्र आले ते सांगाड्यांच्या दृश्यात. एखादं नसेल तर परिणाम तेवढा उतरतो, म्हणून सगळ्याच जुन्या सिनेमांबद्दल असं म्हणू नका.

आता घरचं. हे अगदी होण्यासारखं आहे, पण सांगाड्यापासून सुरू करू नका. मातीच्या माणसापासूनही नको, तो पहिल्या तासात गुडघ्यात वाकतो आणि मुलगा रडकुंडीला येतो. (शाडू तर मुळीच नको, वाळून तडकतो. पुढे कधी माणूस करायचाच झाला तर आत पीळ दिलेली ॲल्युमिनियमची तार आणि बाहेर न वाळणारी रंगीत क्ले.) काड्यांपासून सुरू करा. यात कमीपणा काही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म नेमकी अशीच केली होती, एकेक फ्रेमला काड्या सरकवून. तिची प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप महिनाभर थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. भांडवल देणाऱ्याला पटलं. आपल्या सिनेमाची सुरुवातच एका अर्थी टेबलावरून झाली आहे.

फोन हलणार नाही असा पुस्तकांत घट्ट बसवा. स्टॉप-मोशनचं कुठलंही फुकट ॲप चालेल, मागची फ्रेम पुसट दिसते एवढं बघा. उजेड आणि रंग लॉक करा, नाहीतर दर फोटोला फोन स्वतःच्या मर्जीने उजळतो. पडदे पूर्ण लावा, कारण बाहेर ढग आला की तुमची फिल्म लुकलुकणार. ट्यूबलाइट टाळा, साधा टेबललॅम्प घ्या. दोघेही गडद रंगाचे शर्ट घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड टेबलावर पडतो आणि तुम्ही हलाल तसा तो बदलतो. हे आम्हाला तिसऱ्या जाहिरातीनंतर कळलं होतं. टेबल हलतंय का ते आधीच तपासा. आमचा गाळा रेल्वेलाइनला लागून होता, प्रत्येक फास्ट लोकलला सेट शहारायचा, म्हणून नाजूक शॉट आम्ही रात्री गाड्या बंद असताना घ्यायचो. तुमच्याकडे मिक्सर आणि वॉशिंग मशीन तेवढा वेळ बंद ठेवलंत तरी पुरे.

सेकंदाला बारा फोटो धरा. दहा सेकंदांना एकशेवीस. एका रविवारी होतात, मध्ये जेवण धरून. मुलाला एकच अट घाला: काडीपेटीतून पहिली काडी बाहेर आली की तिने लगेच चालायचं नाही. सहा फोटो नुसतं पडून राहायचं, मग थोडं डोकं उचलून इकडेतिकडे बघायचं, मग बाकीच्यांना बोलवायचं. आणि काड्यांचे गूल आधी तोडून टाका. टेबललॅम्प तापतो आणि हात अकरा वर्षांचे आहेत.